अर्धं दुकान

सोमवार, ३ मार्च

उशी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. न वाचता फाडणं तुला जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांच्या खिशात राहिलेल्या चिठ्ठ्यासुद्धा तू आधी वाचायचीस आणि मग बाजूला ठेवायचीस.

सोबत बँकेचा कागद आहे. कर्जाची मुदत वाढवून मागितली आहे, म्हणजे हप्ता थोडा हलका होईल. साहेब म्हणाले, "दोघींच्या सह्या लागतील." मी म्हटलं, "दुसरी परगावी आहे." ते म्हणाले, "तिथे पोस्ट असेलच की." पेन्सिलीने फुल्या केल्यात तिथे सह्या कर. शेवटच्या पानावर पण एक आहे. आणि पूर्ण नावाने कर. मागे एकदा चेकवर तू 'उशी' अशी सही ठोकली होतीस. शाळेतल्या बाकावरची नावं बँकेत चालत नाहीत.

कामाचं संपलं. कागद उरलाय म्हणून पुढचं लिहिते.

गिऱ्हाइकं विचारतात, "तुमच्या त्या दुसऱ्या बाई दिसत नाहीत?" मी सांगते, मुलीला कॉलेजात सोडायला गेल्यात. खोटं नाहीच ते. तू तिच्या नर्सिंग कॉलेजच्या गावात आहेस हे मला तिनेच कळवलं. तिच्यावर डाफरू नकोस. "मावशी, आईला इथल्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात नोकरी लागली," एवढंच बोलली आणि फोन ठेवला. बहुतेक तू खोलीत आलीस.

नोकरी! इतकी वर्षं स्वतःच्या लाँड्रीची मालकीण असलेली बाई आता सकाळी अंगठा लावून आत जाते, हे मला अजून खरं वाटत नाही.

त्या दिवसाबद्दल लिहिणार नव्हते, पण हात थांबत नाही. तू पोरीच्या फीसाठी दुकानातून पैसे मागितलेस, त्यात काही वावगं नव्हतं. पण त्याच आठवड्यात ते हॉटेल बंद पडलेलं, ज्याच्या चादरींच्या भरवशावर आपण कर्ज काढून ती मोठी वाफेची इस्त्री आणली. बिल बुडालं आणि हप्ता तोंडावर. मी म्हणाले, "दुकान म्हणजे तुझा बटवा नाही." समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातली एक डॉक्टरीणबाई. तू एप्रन काढलास, घडी घातलीस, काउंटरवर ठेवलास आणि गेलीस. घडीसुद्धा कशी, काठाला काठ लावून! मला त्याचाच जास्त संताप आला. माणसाने रागात तरी बोळा करून फेकावं.

मी चुकले असं म्हणत नाहीये. आवाज चढला, एवढं म्हणते.

तुझ्या टेबलाशी मी कुणाला उभं केलेलं नाही.

टाचणी


गुरुवार, १३ मार्च

प्रिय उशी,

कागद मिळाला. सगळ्या सह्या जागच्या जागी. पाकीट तीनदा झटकून बघितलं, तेव्हा कुठे ती चिठ्ठी पडली. "वकिलांच्या काळ्या कोटाचं अस्तर सुटलंय. आधी टाके घाल, मग वाफ दे."

बास? एवढंच?

तरी सांगते, ती चिठ्ठी मी घरी आणून ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "यात काय एवढं?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं. ती बोलली माझ्याशी."

वाफ मी आधीच दिली होती. वकील कोट घालून आरशासमोर फिरले आणि मागून अस्तर जिभेसारखं लोंबायला लागलं. म्हणाले, "बाई, मी कोर्टात असा उभा राहिलो तर समोरचा पक्षकार हसूनच जिंकेल." मी पैसे घेतले नाहीत. तू असतीस तर घेतले असतेस, आणि ते आनंदाने देऊनही गेले असते. तुझ्या तोंडावर तसं काहीतरी आहे.

बाकी माझं झकास चाललंय. एक मशीन बंद ठेवते, वीज वाचते. दुपारी तासभर शटर ओढून घेते, तेवढीच पाठ टेकते. स्कूटर विकली. गुडघ्यांना चालणं चांगलं असं डॉक्टर सांगतातच, आणि अशीही ती सुरू करायला दोन माणसं लागायची. हॉटेलवाल्याला फोन करणं सोडून दिलंय; आता त्याचा नंबरच अस्तित्वात नाही असं फोनमधली ती बाई सांगते. मुलींच्या वसतिगृहाचे पडदे धुवायचं काम मिळालंय. काम मोठं आहे आणि पैसे रोख देतात. तेव्हा काळजीचं काही नाही.

पोरगी नीट जेवते का? तिला सांग, मावशीने विचारलंय. आणि तुझे पाय? हॉस्पिटलात दिवसभर उभंच राहावं लागत असेल. रात्री उशी घेऊन पाय वर ठेवून झोप. उशीने उशी घ्यावी, त्यात लाज कसली.

तुझी
टाचणी


बुधवार, २ एप्रिल

प्रिय उशी,

अक्षर तुझ्या भावजींचं आहे, शब्द माझे आहेत. उजवं मनगट जरासं मुरगळलंय, म्हणून यांना लेखनिक नेमलंय. पगार एक कप चहा. शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्या खात्यावर. बस चालवण्यात आयुष्य गेलं, पेन धरतात तेही स्टिअरिंगसारखं.

वसतिगृहाचे पडदे झाले. निदान बरेचसे झाले. तिथल्या बाई चांगल्या आहेत, थोडं थांबायला तयार आहेत.

उशीताई, ती दारावर दूधवाल्याशी बोलतेय तेवढ्यात माझं लिहितो. मुरगळलेलं नाही, भाजलंय. मोठ्या इस्त्रीच्या वाफेने, पंजापासून कोपरापर्यंत. ती इस्त्री दोन माणसांची आहे हे तुम्हाला माहीतच आहे. एकीने अलीकडून कपडा सरकवायचा, दुसरीने पलीकडून धरायचा. ही दोन्हीकडे एकटीच पळत होती. मला मदतीला येऊ देत नाही, म्हणते तुम्ही पडद्याची पण बस कराल. रोज पट्टी बदलायला दवाखान्यात नेतो. परवा मी म्हटलं, विकून टाक ते दुकान. तर म्हणाली, अर्धं माझं नाहीच, मी कसं विकू? आली बघा.

तर मी काय सांगत होते, पडदे छान झाले. हे काय एवढं लिहीत बसलात हो? मी तर दोन वाक्यं सांगितली. बरं, पुढे लिहा. माझी काही चिंता करू नकोस. आठवड्याभरात हात पहिल्यासारखा होईल.

तुझी
टाचणी

(मी काही लिहिलेलं नाही असं तिला सांगितलंय. तुमचा, भावजी.)


मंगळवार, ८ एप्रिल

उशी,

डाव्या हाताने लिहितेय. हसू नकोस.

तू काल संध्याकाळच्या गाडीने गेलीस आणि मी आज दुकानात येऊन नुसती बसले. शटर अर्धंच उचललंय. तू समोर होतीस तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून सगळं पुन्हा मांडून बघतेय.

रविवारी सकाळी दार वाजलं आणि समोर तू. हातात पिशवी, केस विस्कटलेले, रात्रभर गाडीत बसून आलेली. आधी ह्यांच्याकडे बघून मान हलवलीस, तेव्हाच मला कळलं की लेखनिकाने फितुरी केली. माझा हात धरलास, पट्टी उचलून बघितलीस. मग म्हणालीस, "किल्ली दे."

दिवसभर आपण दुकानात होतो. तू अलीकडे आणि पलीकडे हे. मी खुर्चीत बसून नुसती हुकूम सोडत होते आणि तू माझा एकही हुकूम ऐकत नव्हतीस. हे पडदा धरून मागे मागे जाताना "चला, चला, मागे यायला जागा आहे" म्हणत होते, तेव्हा तू पहिल्यांदा हसलीस. संध्याकाळी सगळे पडदे घडी होऊन रांगेत लागले. मला वाटलं, झालं. आली माझी बाई परत.

मग मी चहा ठेवला आणि म्हणाले, "तुझा एप्रन धुऊन ठेवलाय."

तू कप खाली ठेवलास.

"टाचणे, मी परत येणार नाहीये."

मी म्हटलं, "अजून तेच धरून बसलीस? बरं बाई, चुकले मी. डॉक्टरीणबाईंसमोर बोलायला नको होतं. आता पाया पडू का?"

तू म्हणालीस, "ते मी बसस्टँडवर पोचेपर्यंत विसरले होते. तू काय मला पहिल्यांदा बोललीस होय? तुझ्यावर रागावून गेले असं तुला वाटलं तर वाटू दे म्हटलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं."

आणि मग खरं सांगितलंस. दुकानाचं शटर उचलताना गेली दोन वर्षं तुझ्या डोक्यात आकडे सुरू व्हायचे. हप्ता, भाडं, विजेचं बिल. काउंटरवर गिऱ्हाईक हसून बोलत असलं तरी तू मनात बेरजा करत असायचीस. पोरीचे बाबा गेल्यानंतर तू एकटीच्या जिवावर सगळं ओढत होतीस, आणि घरी जाऊन ज्याला सांगावं असं कुणी नव्हतं. मला सांगावं तर माझ्याही डोक्यात तेच आकडे. "आता पहिल्या तारखेला पगार होतो," तू म्हणालीस. "हॉस्पिटलची चादर फाटली तर हॉस्पिटलची फाटते. रात्री आडवी झाले की झोप लागते गं. मला ठाऊकच नव्हतं की माणसाला अशी झोप लागते."

मी म्हणाले, "चहा गार होतोय."

उशी, तू रागावून गेली असतीस तर मला परवडलं असतं. राग आज ना उद्या उतरतो. दोन महिने मी तुझा राग उतरायची वाट बघत होते. तुझं टेबल पुसत होते. आणि तू तिथे सुखाने झोपत होतीस. मला वाईट वाटलं. लाज वाटायला हवी, मैत्रिणीला झोप लागते याचं वाईट वाटलं. पण खरं आहे ते.

बसस्टँडवर तू मला मिठी मारलीस तेव्हा मी खांबासारखी उभी राहिले. हाताला लागत होतं म्हणून, असं तू समजली असशील. तसं नव्हतं.

आता पुढे लिहवत नाही. डावा हात दुखतोय.

टाचणी


शुक्रवार, २५ एप्रिल

प्रिय उशी,

मलम मिळालं, तुझ्या हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी सांगितलेलं. दिवसातून दोनदा लावते. फोडांना सुई लावलेली नाही. "रागावलीस का?" असं तू सोबतच्या चिठ्ठीत खाली विचारलंयस. रागावले होते. आठवडाभर चांगली फुरंगटून होते. ह्यांनी तर जेवताना माझ्याकडे बघायचंच सोडलं होतं.

मग एके सकाळी दुकानात उभी राहिले आणि स्वतःला विचारलं, की बाई गं, तुला यातलं काय हवंय? मोठी इस्त्री हवी? नको. तिच्याकडे बघितलं तरी हात चुरचुरतो. हॉटेलं, वसतिगृहं, गठ्ठ्यांनी येणारं काम? तेही नको. मला काउंटर हवंय. लोक येतात, डाग दाखवतात, डाग कसा पडला त्याची खोटी गोष्ट सांगतात, ती मला ऐकायचीय. एक इस्त्री, एक धुण्याचं मशीन, हँगरची दांडी. एवढ्यात माझं भागतं. दोघींचं भागत नव्हतं, उशी. ते दुकान कधीच दोन घरं पोसण्याएवढं नव्हतं. आपण मोठी इस्त्री आणली ती त्यासाठीच तर आणली, की दोघींना पुरावं. आणि तीच आपल्या बोकांडी बसली.

बँकेत गेले. साहेबांना म्हटलं, "इस्त्री विकते, कर्ज फेडते, भागीदारी मोडते." त्यांनी चष्मा काढला. "भांडण झालं का?" मी म्हटलं, "नाही, भांडण मिटलं."

परगावच्या एका धुलाई कारखान्याने इस्त्री घेतली. चार माणसं आली, शटरची चौकट सोडवावी लागली, शेजारपाजारचे बघायला जमले. ती निघाली आणि मागच्या भिंतीतली खिडकी दिसली. तुला आठवतं, तिथे खिडकी होती? मी तर साफ विसरले होते. दुपारी आता थेट काउंटरपर्यंत ऊन येतं.

मागची अर्धी जागा एका शिंप्याला भाड्याने दिली. वयस्क आहेत, कमी बोलतात, दिवसभर तोंडात टाचण्या धरून असतात. तू म्हणशील, तुला साजेसा शेजारी शोधलास. पाटीवर 'दोघी लाँड्री' आहे, ते नाव बदलायला पेंटर आला होता. मी म्हटलं, राहू दे, आता शिंपी मागे आणि मी पुढे, म्हणजे दोघंच की. शिंपी टाचण्या तोंडातून काढून म्हणाले, "बाई, मी 'दोघीं'त कसा बसणार?" एवढं एकच वाक्य बोलले त्या दिवशी. पेंटर हसून हसून शिडीवरून पडायचाच बाकी होता. पाटी तशीच आहे.

आता तुझं. कर्ज फिटून जे उरलं त्याचे दोन भाग केले. तुझा भाग तुझ्या खात्यावर गेलाय. पोरीच्या यंदाच्या फीला पुरेल, वर थोडं राहील. फोनवर पोरीकडून निरोप पाठवलास, "आईला पैसे नकोत, मावशीनेच ठेवावेत." खबरदार! मी तुझ्यावर उपकार केलेला नाही, आणि तूही माझ्यावर करायचा नाहीस. तुझ्या हातांनी जेवढे कपडे निघाले त्यांचे ते आहेत. परत पाठवलेस तर मी त्यांची नाणी करून पोत्यात भरून पाठवीन.

सोबत शेवटचा कागद आहे, भागीदारी संपल्याचा. फुल्या केल्यात.

मी सही करायला बसले तेव्हा पेन चालेना. मग चाललं.

तुझी
टाचणी


रविवार, १८ मे

प्रिय उशी,

परवा तू फोन केलास आणि आपण तासभर बोललो. हे पंखा दुरुस्त करायच्या निमित्ताने खोलीत येऊन जाऊन ऐकत होते. फोन ठेवल्यावर विचारलं, "काय म्हणत होत्या?" मी आठवायला बसले तर काही आठवेना. तुझ्या वरच्या मजल्यावरची बाई सकाळी सकाळी खुर्च्या का ओढते, पोरीने पहिल्यांदा इंजेक्शन दिलं तेव्हा पेशंटच तिला धीर देत होता, तुझ्या चपलेचा अंगठा तुटला. एवढंच. हप्ता नाही, भाडं नाही. तू "बरं, कामाचं बोलू" म्हणाली नाहीस, आणि मीही नाही.

किती वर्षांनी असं बोललो आपण? शाळेत बोलायचो तसं. मधल्या काळात रोज दहा तास एका खोलीत होतो, आणि बोलत होतो ते सगळं दुकानाचं. तुला खोकला झालाय हे मला गिऱ्हाईक सांगायचं.

आता फोन चालू आहे तर पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर हे मला सांगता आलं नसतं, म्हणून. बसस्टँडवर तू मिठी मारलीस आणि मी खांबासारखी उभी होते, ते माझ्या मनातून जात नाही. हात बरा झालाय. थोडा डाग राहिलाय मनगटाशी. डॉक्टर म्हणतात, जाणार नाही. मी त्यांना म्हटलं, मला डागांचं सांगू नका, माझा धंदा आहे तो. पण हात दोन्ही बाजूंनी पूर्ण फिरतो आता.

म्हणून विचार केला, गुरुवारी यावं. सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारी तुझ्याकडे पोचेन. तुझी ड्युटी असली तरी चालेल, पोरगी दार उघडेल. दोन रात्री राहीन. काही आणायचं असेल तर सांग. तुझ्यासाठी चपला बघून ठेवल्यात, रुंद पंजाच्या, माप मला पाठ आहे.

शिंप्यांना सांगितलं की गुरुवार ते शनिवार दुकान बंद. त्यांनी मान हलवली. दारावर लावायला पुठ्ठा घेतला, त्यावर 'बंद' लिहिलं, आणि मग तो हातात धरून उगाच उभी राहिले. कायद्याने आता मालकीण मी एकटी आहे. दुकान उघडं ठेवा, बंद ठेवा, कुणाला विचारायला नको. पण असा नुसता पुठ्ठा लावून निघून जायला मला काही जमेना. इतक्या वर्षांची सवय आहे, अशी दोन दिवसांत थोडीच जाते.

तेव्हा विचारते. गुरुवारी बंद ठेवू ना गं?

तुझी
टाचणी